उजव्या डोळ्यावरचा बिल्ला

साखरा, रविवार, दिवेलागण

हे सुट्टीवर आले, हवालदार होऊन आले, अन् माझ्या डोक्यात सकाळपासून तो बिल्लाच. धाकट्या भाऊजींनी वेशीपाशी यांच्या वर्दीतल्या फोटोचा मोठा बॅनर लावला. त्यात टोपीवरचा पलटणीचा बिल्ला उजव्या डोळ्यावर! यांचं तर सदा एकच सांगणं, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, टोपी उजव्या कानाकडं झुकलेली. मागच्या सुट्टीत मी गमतीनं घातली, तर मलासुद्धा नीट करायला लावली होती.

"भाऊजी, फोटो उलटा काहून छापला?"

"दादाचं तोंड देवळाकडं पाहिजे होतं, वहिनी. म्हणून फिरवून घेतला."

किती खूश होते ते. उतरवा म्हणायला जीभच रेटली न्हाई. पण हे चिडले तर? एवढ्या माणसांत?

दुपारी गाडीतून उतरले ते थेट बॅनरसमोर. बघतच राहिले. मग भाऊजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "बराबर आहे रे. रोज आरशात मी असाच दिसतो."

सुटले बाई!

आत्ता टोपी काढून ओसरीवर चहा पिऊन राहिले. कपाळ उन्हानं रापलंय, टोपीखालचं तेवढं गोरं. मधली रेघ तिरपी, उजव्या कानाकडं उतरलेली. ती काही भाऊजींना फिरवता यायची न्हाई.