पांढऱ्या डोळ्यांचा आठवडा

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ११

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तिने माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि सगळं बदललं.

तोवर माझं नुसतं चाललं होतं. कॉलेज सोडलं, मावशीकडे राहायला आलो, तिच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरला बसलो, केसपेपर लिहितो. ती मावशीची असिस्टंट, आतल्या खोलीत पेशंटांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावते. दीड वर्षात माझ्याकडे तिने एकदाही इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. मग विचारलं, काल किती पेग झाले. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, हे डाव्या डोळ्याचे झाले, उजव्याचे सांग.

आता मुद्द्याचं. येत्या सोमवारपासून मावशीचा नवा दवाखाना सुरू होतोय, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ती तिकडे जाणार. तिच्याबरोबर काउंटरला कोण, हे मावशीने तिच्यावर सोडलंय. ती मला म्हणाली, शनिवारपर्यंत रोज सकाळी नऊला पांढरे डोळे घेऊन ये, मग बघू.

मग बघू म्हणजे हो. बायकांना सरळ सांगता येत नाही.

दुपारी २

दारू सोडणं सोपं आहे, ते कोणीही करेल. मला हँगओव्हर सोडायचाय. दोन वेगळे विषय आहेत, लोक उगाच एक करतात.

केमिस्ट्री मी दुसऱ्या वर्षाला सोडली (प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं. निघताना लॅबचं दार असं आपटलं की वरची काच तडकली. अजून आठवण काढतात म्हणे). पण डोकं शास्त्रीयच राहिलं. सिस्टिम अशी: आधी पोटभर जेवायचं. एका ग्लासामागे एक ग्लास पाणी. दहाला बंद. देखरेखीला वकील. तो वकील नाही, पण बोलतो तसा. मित्र आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सिस्टिममध्ये दोष नाही. ऐनवेळी घोळ नको म्हणून पाण्याचे आठ ग्लास आधीच पिऊन ठेवले. मग दारूची बाजू फार मागे पडली, ती गाठावी लागली. वकिलाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम.

स्टेपलर इतका मोठ्याने वाजतो हे दीड वर्षात लक्षात आलं नव्हतं. कंपाउंडर काका सकाळपासून केसपेपर टाचतायत. साठीला आले तरी पहाटे उठल्यासारखा ताजा चेहरा. मी विचारलं, टाचायलाच हवेत का. ते म्हणाले, सोडतो मग, उडू देत.

तिने आज टॉर्चही काढला नाही. दारातूनच पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेवर काट मारली. पेन्सिलीने. पेन हातात असताना पेन्सिल शोधली. पुसता यावी म्हणून.

बुधवार, ७ फेब्रुवारी

प्रतिबंध फसला तर उपचार. सकाळी काळी कॉफी, कच्चं अंडं, लिंबू आणि थंड पाण्याची अंघोळ. वेळ वाचवायला सगळं एकदम. मावशीने बाथरूमचं दार ठोठावून विचारलं, आहेस की गेलास. मी म्हटलं, आहे. मग असा आवाज का काढतोयस, म्हणाली. तिला वाटलं पाइप फुटला.

डोळे कालच्यासारखेच. लिंबू उडालं तेवढी भर. काट.

एका पेशंटाशी वाजलं. तो ओरडत होता. त्याचं म्हणणं, तो कुजबुजत होता. मी उठून उभा राहिलो, पण उभं राहणं जमेना म्हणून बसलो. काकांनी त्याला आत नेलं, ट्रेमधल्या लाल टोपणाच्या बाटलीतून डोळ्यांत थेंब टाकले, काळा चष्मा लावून बाकावर बसवलं. अर्धा तास गप्प. चांगलं औषध दिसतंय.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःहून काउंटरला डबा घेऊन आली. डबा उघडला. मग म्हणाली, माझ्या दादाचे डोळे सकाळी असेच असायचे. हुशार होता, तुझ्यासारखंच त्यालाही सगळं कळायचं. मी विचारलं, आता काय करतो. तिने डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, कुठे असतो तेच माहीत नाही, आई अजून झोपताना दाराला कडी लावत नाही. तेवढ्यात पेशंट आला.

म्हणजे मी तिला घरच्यासारखा वाटतो. दीड वर्षात कोण इतकं जवळ पोचतं?

कॅलेंडरवर आज काट नाही. टिकही नाही. विसरली असेल.

संध्याकाळी वकिलाकडे गेलो नाही. कंटाळा आला. कंटाळाच, दुसरं काही नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

डोळे पांढरे. आरशात बघून मीच दचकलो.

तिने टॉर्च मारला, खूप वेळ पाहिलं. म्हणाली, आज बरा दिसतोस रे. कॅलेंडरवर टिक, पेनाने. म्हणाली, मागचं सोडून देते, उद्याचा एवढा दिवस नीट काढ, मी मॅडमना तुझंच नाव सांगते. काकांनी माझ्या कानाशी स्टेपलर वाजवून पाहिला. काही झालं नाही. मावशीनेही आज मला हाक मारताना शिवी घातली नाही.

अशा दिवशी कोरडं झोपणं म्हणजे दिवसाचा अपमान. वकिलाला कळवलंय. फक्त एक. पाणी बरोबरीने, आधी नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळी ८.४०

एक नव्हता. त्यावर चर्चा करायची ही वेळ नाही.

ती नऊला येईल. दवाखान्यात मी एकटाच. चावी माझ्याकडे असते, हा माझ्यावरचा विश्वास आहे. काकांचा ट्रे समोर आहे. एक पांढरं टोपण, एक हिरवं, एक लाल. लाल टोपण, लाल डोळे. कंपनीवाले काय वेडे आहेत रंग द्यायला? हे इतके दिवस कसं सुचलं नाही?

दोन्ही डोळ्यांत तीन तीन थेंब. चुरचुरतंय. म्हणजे लागू पडतंय.

८.५५

आज खिडकीतून फारच ऊन येतंय. ही ओळ मला दिसत नाहीये.

संध्याकाळी ६

अक्षर मोठं येतंय. जवळचं अजून धूसर आहे.

लाल टोपणाचं औषध बाहुल्या मोठ्या करायला असतं, आतून डोळा तपासता यावा म्हणून. लालीशी त्याचा काही संबंध नाही. हे दवाखान्यात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, झाडूवाल्या बाईंनासुद्धा.

तिने टॉर्च मारला. बाहुली हलेना. कुठली बाटली, विचारलं. मी सांगितलं. काकांनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. लाली तशीच आहे, एवढंच म्हणाली. मला काळा चष्मा लावून पेशंटांच्या बाकावर बसवलं. डोळे मिटून बस.

शेजारच्या आजींनी चाचपडत माझा हात धरला. विचारलं, तुझा पण मोतीबिंदू का रे. मी म्हटलं, नाही. मग कशासाठी बसलायस, म्हणाल्या.

डोळे मिटले की कान फार चांगले होतात. पडद्यामागून मावशी विचारत होती, काय ठरलं. ती म्हणाली, काकांना द्या माझ्याबरोबर. मावशी म्हणाली, काल तर याचं नाव घेत होतीस. ती म्हणाली, घरी एकाची वाट बघून झालीय मॅडम. कामावर पण तेच नको.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चार मुद्दे होते. बाकावर बसल्या बसल्या घोकले होते. उठलो तेव्हा दोनच आठवले, आणि दोन्ही तिच्या दादाचेच वाटले.

दुपारी एकला सगळे आवरत होते. तिने कॅलेंडरवर आज काही केलं नाही. काकांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, सोमवारी स्टेपलर इथेच ठेवून जातो. मी हात झटकला. मग पुन्हा तिथेच उभा राहिलो, परत हात ठेवतात का बघायला.

ठरवलं होतं, निघताना दार आपटायचं. लॅबच्या दारासारखं. काच तडकेल, ती धावत बाहेर येईल.

दाराला हात लावला आणि ठणकणारं डोकं आठवलं. काळा चष्मा नीट केला, बाहेर आलो, दार दोन्ही हातांनी धरलं आणि अगदी हळू लावलं. आवाज झालाच नाही.