साडेतेरा इंचांची पेटी

४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून लिहायला बसले, कारण कॉम्प्युटरचा विषय निघाला की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आणि मग मी फोन आपटते. मागच्या भांडणात त्याची काच गेली होती, आठवतं ना?

तर बातमी अशी, की नवा ट्रकचा खेळ आलाय! डोंगर, बोगदे, पाऊस, काचेवर फिरणारे वायपर, काय विचारू नकोस. पण माझा सात वर्षांचा कॉम्प्युटर त्यात असा अडखळतो, की ट्रक पूल ओलांडून गेला तरी चित्र अलीकडेच. दिवसभर कारखान्यात शर्टाची कापडं कापून मी घरी येते ती ट्रक चालवायला, आणि तिथेही रखडायचं म्हणजे काय! तेव्हा आता मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचंच. तू म्हणणार, जुन्यावर खर्च नको, सुटे भाग आणून दुसरा बांध. पण आहे त्याला काय धाड भरलीय? कॉम्प्युटरच्या पेटीचं आतून माप घेतलंय, साडेतेरा इंच. कार्ड पावणेतेरा. बसेल ना, तेवढं सांग.

अण्णा आहेत तसेच. उजवा पाय बधिरच. लायसन्स परत करून आले त्याला आता वर्ष होईल, तेव्हापासून खिडकी आणि खुर्ची, खुर्ची आणि खिडकी. मात्र मी ट्रक सुरू केला की खुर्ची ओढून मागे बसतात आणि माझं डोकं खातात. गिअर उशिरा टाकला, वळण फार आतून घेतलं, एक ना दोन. गंमत म्हणजे मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय फरशीवर दाबला जातो. एवढं आहे तर तुम्हीच बसा, असं दहादा म्हटलं. नाही म्हणजे नाही. हट्टीपणा तुझ्यात कुठून आला ते कळतंच.

उलट टपाली कळव. राग फोनपुरता ठेव, पत्रात प्रेमाने लिही.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र लिफ्टच्या मशीनरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं. खाली दोन माणसं लिफ्ट कधी चालू होणार म्हणून ओरडत होती, त्यांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा, घरचं पत्र आलंय.

साडेतेरात पावणेतेरा बसतं, त्यात विचारायचं काय. पण माझं ऐकशील तर अपग्रेड राहू दे. दुसराच बांध. आणि तो तुझ्यासाठी नको, अण्णांसाठी.

लहानपणी एकदा ते मला त्यांच्या बसडेपोत घेऊन गेले होते. मी शेजारच्या बसमध्ये चढून स्टिअरिंगवर बसलो, तर कान धरून खाली उतरवलं. दुसऱ्या ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं नसतं, त्याने सीट आणि आरसे स्वतःच्या मापाने लावलेले असतात, असं बजावलं. एकतीस वर्षं हा नियम पाळलेला माणूस तुझ्या खुर्चीत कसा बसेल? दहादा काय, शंभरदा म्हण.

अगं ताई, डावा पाय क्लच दाबतोय त्यांचा! गाडी सुटली तेव्हापासून ते नुसते बसून आहेत. मला त्यांची फार काळजी वाटते. फोनवर विचारलं की बरं आहे म्हणतात आणि तुझ्याकडे देतात.

बाकी तुझी मर्जी. ओरडायचं असेल तर मोठ्या अक्षरात लिही, मी समजून घेईन.

तुझा,
टिल्लू


२२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी चिडले. एकाचे दोन केले की दोन्ही अर्धवट, धड एकही नाही, असं माझं म्हणणं. मुकाट्याने कार्ड मागवून मोकळी झाले.

आता हस. कार्ड आत जाईना! उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं घालून पाहिलं, पाऊण इंच बाहेरच. शेवटी पुन्हा टेप लावली. बारा इंच! आधी माझा विश्वास बसेना, मग लख्ख उजेड पडला. अरे, बावीस वर्षं कटिंग करतेय मी. माप घेतलं की शिवणीसाठी दीड इंच मार्जिन धरूनच हात आकडा लिहितो. पेटीलाही मार्जिन धरलं मी! कापड सैल ठेवता येतं, पत्रा कुठे ताणणार?

अण्णांना सांगितलं तर ते इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुला म्हणून सांगते.

दुसऱ्या दिवशी मोठी पेटी आणली आणि सगळा संसार तिच्यात हलवला. खेळ काय पळतो म्हणून सांगू! काचेवरून पावसाचा थेंब न् थेंब ओघळतो. जुनी पेटी आणि जुनं कार्ड भंगारात द्यायला निघाले, तर अण्णांनी अडवलं. पेटी कोपऱ्यात ठेवायला लावली. आज चौथा दिवस, रोज सकाळी फडकं घेऊन ती पुसतात. आधी पुढची बाजू, मग काच, बस पुसायचे तसंच.

तुझंच खरं होतं. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. आता लवकर सांग, त्या रिकाम्या पेटीत काय काय लागेल?

तुझ्यावर आता जराही न चिडलेली,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वाक्य कापून पाकिटात ठेवलंय. भांडण झालं की काढून दाखवीन.

आजच पार्सल टाकलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पॉवर सप्लाय, सगळं कपाटात पडून होतं. तुझं जुनं कार्ड त्याला जोडायचं. चित्र जरा साधं ठेवलं तर नवा खेळही बिनबोभाट चालेल. चमक तुला हवी असते, अण्णांना फक्त रस्ता हवाय. स्क्रीन तेवढी तू आण.

खोक्याच्या तळाशी एक स्टिअरिंग आहे. ते टेबलाला आवळायचं. वेग आणि ब्रेक चाकामागच्या दोन पट्ट्यांवर, हातानेच. पायाचं काही कामच नाही! दुकानात हे कळलं तेव्हा मी दुकानदाराचा हात धरून हलवत सुटलो, तो बिचारा घाबरला.

एकच विनंती. जोडणी अण्णांनाच करू दे. पायऱ्या लिहून दिल्यात, तू फक्त वाचून दाखव. स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही, आणि टेप तर घरातच आणू नकोस.

श्वास रोखून वाट बघणारा,
टिल्लू


१६ मार्च

चि. टिल्लू यास अनेक शुभाशीर्वाद.

पत्र लिहायची सवय गेली आहे, अक्षर सांभाळून घे.

गाडी जोडली. तुझ्या ताईने तिसरी पायरी गाळून एकदम पाचवी वाचली, त्यामुळे एकदा सगळं उचकटावं लागलं. पण दुसऱ्या वेळी बटण दाबल्याबरोबर पंखे फिरले. ताई ओरडली. मीही ओरडलो. शेजारचे बघायला आले.

ताईने खुर्चीला बसच्या सीटसारखं रेक्झिनचं कव्हर शिवलं आहे. थोडं सैल आहे. मार्जिन धरलेलं दिसतं.

आधी मी सीट लावली, मग आरसे. खेळातल्या गाडीतही आरसे आपल्या मापाने लावता येतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस नुसता आवारात गाडी मागे-पुढे घेत होतो. ताईला धीर निघेना, पण हात बसल्याशिवाय मी गाडी रस्त्यावर काढत नाही.

काल निघालो. मी पुढे, ताई तिच्या कॉम्प्युटरवरून त्याच रस्त्यावर माझ्या मागे. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा होता, थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताईने हॉर्न वाजवून घर डोक्यावर घेतलं. तिला सांगितलं, एकतीस वर्षं तोडला नाही, आज तोडणार नाही. पुढे बोगदा लागला. तो संपला आणि समोर सगळा घाट एकदम उघडला, तेव्हा मी गाडी कडेला लावून नुसता बघत राहिलो. ताईला वाटलं, मला काही झालं. ती उठून धावत आली, तिचा ट्रक तिकडे दरीत गेला. काही झालं नव्हतं, टिल्लू. गाडी हातात होती, एवढंच.

उजव्या पायाला अजून काही कळत नाही. डावा आपला क्लच दाबतोच आहे, दाबू दे. परवा ताईने तिच्या गाडीवर एक फेरी मारायला सांगितलं, तिचं चित्र जास्त चांगलं म्हणून. मी नाही म्हटलं. माझी गाडी आहे.

तू पाठवलंस ते सगळं उपयोगी पडलं. तुला जवळ घेऊन सांगायला हवं, ते इथे लिहितो, कारण फोनवर मला जमणार नाही.

रविवारी सकाळी नऊला तूही तुझ्या कॉम्प्युटरवरून तुझी गाडी घेऊन ये. उशीर करू नकोस, मी वेळेवर सोडतो. ओव्हरटेक करायचं नाही. ताईच्या मागे राहायचं, आणि ताईने माझ्या.

अण्णा