फळ्या बराकीला जाऊ नयेत म्हणून

मी, एलकाना टार्बॉक्स, वय एकोणसत्तर, जहाजाचा सुतार, राहणार बॉस्टन. छातीत पाणी झालंय, डोकं शाबूत आहे. कुणी दटावलेलं नाही, पाजलेलं नाही. हेच शेवटचं मृत्युपत्र समजावं. आधीचं मी चुलीत घातलं.

एक. राहतं घर मुलगा जोथम याला. लायकी नाही, पण चार पोरं आहेत.

दोन. हत्यारं त्याला नाहीत. रंधे, करवती, पटाशा, सगळं सून हेप्झिबाला. चहा समुद्रात फेकला चार जणांनी, आणि विलायतेच्या सरकारनं बंदर बंद केलं सगळ्या गावाचं! वर पलटणी आणून मैदानात तंबू ठोकले. आता थंडी पडली, तर त्यांना बराकी हव्यात, आणि बांधायच्या आम्हीच. गावातल्या सुतारांनी काम टाकलं. जोथमनं नाही टाकलं.

विचारलं तर म्हणतो, "बाबा, पोरांना काय वाढू? सभेतले ठराव?"

हेप्झिबा कडाडली, "मामंजी, सांगा ह्यांना, त्या पैशाची भाकरी माझ्या घरात शिजणार नाही." हत्यारांची पेटी तिनं पलंगाखाली ढकलली. जोथमनं बराकीचं काम सोडलं तरच तिनं ती त्याला द्यावी.

तीन. पडवीतल्या ओकच्या एकोणीस फळ्या. अकरा वर्षं सुकवल्या, मला नि जोथमला होडी बांधायची होती. पलटणीचा कारकून तीनदा बघून गेलाय. मी डोळे मिटले की जोथम देणार. म्हणून त्या शेजाऱ्यांच्या चुलींना.

पण कागदाचा भरवसा काय? राजानं दिलेली आमच्या वसाहतीची सनद विलायतेनं एका कायद्यानं मोडली, माझ्या कागदाला कोण विचारतो! म्हणून आज सकाळीच शेजारच्या ओबेडला फळ्या हात-हातभर कापायला बसवलं. जोथम धावत आला.

"बाबा, हे जहाजाचं लाकूड आहे!"

"मग कारकुनाला बराकीच्या भिंतीसाठी कशाला दाखवत होतास?"

घर त्याला मिळतंय, म्हणून साक्षीला चालत नाही. करवतीचं दुसरं टोक धरायला लावलं. रडतोय, पण सरळ कापतोय.

साक्षीदार तिघं. गावसभेला हल्ली गव्हर्नरची परवानगी लागते. या सभेला आम्ही घेतलेली नाही.

एकोणिसावी पडल्याचा आवाज आला. आता सही करतो.

एलकाना टार्बॉक्स

साक्षीदार:
ओबेड स्नेलिंग, दोर वळणारा
इफ्राइम क्लाऊ, लोहार
डेलिव्हरन्स पूल, विधवा (अंगठा)

बॉस्टन, ११ ऑक्टोबर १७७४