दोप्पी तोकडी आल्याबद्दल

ताश्कंद, नवरोज उलटून अकरावा दिवस

आदरणीय थोरल्या भगिनी हुरनिसा ओपा यांना धाकट्या इख्तियोरचा छातीवर हात ठेवून सलाम.

बऱ्या आहात ना, दमला नाहीत ना, गुडघे साथ देतात ना, गाय दूध देते ना, जर्दाळूचा मोहोर गारठ्यातून वाचला ना? (सगळ्याचं उत्तर ‘देवाची कृपा’ असंच येणार, हे धरून पुढे जातो.) हे फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तुम्ही ‘जेवलास का’ एवढं विचारता आणि मी तोंड उघडलं की ‘कढई चुलीवर आहे’ म्हणून ठेवून देता. तेव्हा तक्रार लेखी करतो.

नवरोजला तुम्ही चुस्तहून पाठवलेली दोप्पी लहान आहे. किंचित लहान असती तर माझ्या डोक्याने आदरापोटी सांभाळून घेतलं असतं. ही तर खरबुजावर पियाला पालथा घालावा तशी बसते आणि मान हलवली की उतरते. गेल्या सालची आवळ होती, त्याआधीची घट्ट होती. चाळीस वर्षं अर्ध्या गावाच्या टोप्या शिवणाऱ्या बाईने सख्ख्या भावाच्या डोक्यापाशी कापडात काटकसर करावी, हे शास्त्रात बसत नाही आणि डोक्यातही बसत नाही. मी आलो की तुम्ही माझ्या डोक्याभोवती दोरा गुंडाळून गाठ मारता आणि तो दोरा पेटीत ठेवता, हे मला ठाऊक आहे. चार वर्षांत मी आलो नाही, म्हणून तुम्ही जुन्याच गाठीवर शिवत राहिलात, हेही ठाऊक आहे. पण डोकं तेच असताना गाठ जुनी होतेच कशी, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. (दोप्पीसोबतच्या चिठ्ठीत तुम्ही शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाची तक्रार केलीत, तिच्याकडे शेवटी येतो.)

हा कट त्याआधीच, हिवाळ्यात, चांभारांपर्यंत पोहोचला होता. शेजारचे हश्मत अका (तेच, सरकारी बस चालवून निवृत्त झालेले) यांच्या नातवाच्या सुंतेचा सकाळचा पुलाव होता. रिवाजाप्रमाणे बूट दाराशी काढून आत बसलो, पोटभर जेवलो, दुवा झाली, बाहेर आलो, तर बुटात पाय जाईना. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की कुणीतरी बूट बदललेत. चाळीस दाढीवाली माणसं उंबऱ्याशी एकेका पायावर उभी राहून आपापले बूट तपासू लागली. (येताना ते बूट माझ्या बायकोने, ओयदिनने, दोन्ही हातांनी रेटून चढवले होते, हा तपशील मी सभेपुढे ठेवला नाही.) शेवटी हश्मत अका म्हणाले, “मुअल्लिम, मास्तर, बूट बदललेले नाहीत. पाय बदललेत.” या अपमानानंतर मी त्यांचेच रबरी गलोश घालून घरी गेलो आणि दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. म्हणजे बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यांनी मोहल्लाभर सांगितलं की मी गल्लीत त्यांचा सलामही घेत नाही, बाजूने जातो, बघतही नाही. हे मात्र धडधडीत खोटं, कारण ते मला एकदाही दिसले नव्हते.

त्यात जीभ जाड झाली. माझा ‘स’ मऊ पडला, तर माझ्या संस्कृतच्या वर्गातल्या सातही मुलींनी तोच आदर्श उच्चार समजून सगळ्या विभक्ती तशाच पाठ केल्या. अंगठी निघेना. घोरण्याबद्दल ओयदिन म्हणाली, “तुम्ही झोपता की तंदूर पेटवता?” आणि तिनेच मला डॉक्टर सानोबार यांच्यासमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी माझी नाडी पाहण्याआधी हात पाहिले. विचारलं, “कधीपासून?” मी म्हणालो, “आमची बहीण कापड वाचवायला लागली तेव्हापासून.” त्या हसल्या नाहीत. रक्त घेतलं, डोकं यंत्रात सारलं आणि मग चित्र दाखवलं. मेंदूच्या तळाशी, पुलावातल्या हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते आणि ती सगळ्या शरीराला वाढ, पाणी, ताण यांचे हुकूम सोडते. संस्कृतात पीयूषिका म्हणतात तिला. पीयूष म्हणजे अमृत. मी आयुष्य ग्रंथांवर काढलं, पण ग्रंथ आणि ग्रंथी यांचं मूळ एकच, गाठ, हे मला देहावर शिकावं लागलं. तिथे एक जादा गाठ आहे. कर्करोगाची नाही. ती वाढीचा हुकूम सोडत बसली आहे, मालक एक्कावन्न वर्षांचा झाला हे तिला कुणी कळवलेलं नाही. लहानपणी तुम्ही तुतीच्या खोडावर माझ्या उंचीच्या खुणा करायचात, तेव्हा दोन बोटं वाढ मागत होतो, ती मिळाली नाही. आता मागणी नसताना पुरवठा. कळस म्हणजे ती ग्रंथी हाडाच्या ज्या खोबणीत बसते तिचं नाव ‘तुर्की खोगीर’. आम्ही उझबेकही तुर्कांच्याच कुळातले, म्हणजे खोगीर आमचं, आणि स्वार कोण हे आम्हालाच विचारलेलं नाही.

तर पुढच्या मंगळवारी नाकातून शिरून गाठ काढणार आहेत. काही उरलं तर महिन्याला एक सुई, शिवाय साखर, हृदय आणि रक्त यांची हजेरी बहुधा कायमची. सूज ओसरेल, हाडं मात्र वाढली ती वाढली, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे माझे नवे बूट वाया जाणार नाहीत. ती गाठ नजरेच्या नसांवर रेलली आहे, म्हणून मला बाजूचं दिसत नाही. हे ऐकून मी गलोश धुऊन हश्मत अकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग सलाम समोर येऊन करायला हवा होता, चूक माझी.” मंगळवारी गाडी तेच चालवणार आहेत.

ओयदिनचा सलाम. पोरांच्या गालांना हात लावा.

तुमचा भाऊ,
इख्तियोर

ता. क. तुमच्या कापडावर घेतलेला आळ परत घेतो. वाढ कधी सुरू झाली हे ठरवायला डॉक्टरांनी जुने फोटो मागितले. सगळ्यांत मी दोप्पी आणि दाढीआड आहे. तेव्हा पेटीतले माझे सगळे दोरे पोस्टाने पाठवा. कुठल्या साली गाठ सरकू लागली ते त्यांनाच माहीत.

ता. क. दुसरा. नवी दोप्पी एवढ्यात शिवू नका.

ता. क. तिसरा. आता अंगुस्तान. तुम्ही लिहिलंत की हल्ली अंगुस्तानंही लहान येतात, जुनं बोटात शिरत नाही, म्हणून शिंप्याचं पुरुषी मापाचं आणलंत. ही ओळ मी आधी ओयदिनला हसत वाचून दाखवली. मग एकट्याने तीनदा वाचली. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, हे क्वचित एकाच घरात दोघांना होतं. कदाचित नुसती सांध्याशी सुजलेली पेरं असतील, रक्त पाहिल्याशिवाय कळणार नाही. दोरे पोस्टाने पाठवू नका, ओपा. मंगळवारच्या आत स्वतः घेऊन या. माझ्या नाकाची मला फारशी भीती नाही. तुमच्या त्या बोटाची आहे.