त्या पोरीला मी हाय म्हणाले

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली, हिशोब कोण ठेवतंय. पण तुझा चिमटा अजून मांडीला आठवतो. आपल्या गावी, करमाडला, गुरुजी घरी आले होते, मला शाळेतून का काढलं ते विचारायला. तू चहा ठेवत होतीस आणि मी मधीच बोलले, "साखर नाय घरात." तू हसलीस, गुळाचा चहा दिलास, अन् ते गेल्यावर माझी मांडी लाल केलीस. घरातलं उणं परक्याला सांगायचं नसतं, म्हणालीस. शाळा सुटली, पण तेवढं एक मी नीट शिकले.

आता शहरात, पुंडलिकनगरात भाड्याच्या दोन खोल्या आहेत. मागल्या उन्हाळ्यात एक पाहणीवाली पोरगी आली, हातात मोबाईल घेऊन. कोणत्या घरात कसं राहतात ते मोजायचं म्हणे. मला लई आनंद झाला, इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. लुगडं बदलून बसले. "आजी, फ्रीज?" "हाय की." आहेच ना, जिथं धुणीभांडी करायचे तिथल्या बाईनं दिलेला, बंद पडलेला. त्यात आम्ही ज्वारी ठेवतो, उंदीर लागत नाहीत. "मोटारसायकल?" दारात घरमालकाची उभी होती. "हाय." "नळ?" "हाय." पाणी कितव्या दिवशी येतं, शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं म्हणा. जाताना म्हणाली, "मस्त आहे आजी तुमचं." दिवसभर मी हसत होते.

दिवाळीआधी आमचं पिवळं रेशनकार्ड बंद झालं, पाहणीत फ्रीज अन् गाडी निघाली म्हणून. नातीचा नर्सिंगला नंबर लागला होता माय, आपल्या खानदानात पहिली. वसतिगृह फुकट मिळायचं ते त्या कार्डावर. कार्ड गेलं, जागा गेली. आता ती शहागंजात कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते, पाय सुजवून घरी येते. मी तेल लावून देते. गुणाची आहे, म्हणते, "आजी, काहीतरी सांग ना हसायसारखं." मी तिचा दुसरा पाय मांडीवर घेते.

ही वही तिच्याच कॉलेजसाठी घेतलेली, कोरीच राहिली. लिहून झालं की पान फाडून टाकीन, घरात कुणाच्या हाती लागायला नको. सून रोज त्या पाहणीवालीला शिव्या देते, "मुडदा बशिवला तिचा, मनानंच लिहून गेली." मी खाली मान घालून भाजी निवडते. परवा तिनं मलाच विचारलं, ती पोरगी आली तेव्हा तुम्ही कुठं होता म्हणून. सांगायला तोंड उघडलं, तर नात मधीच म्हणाली, "आई, आजीला कशाला विचारतेस, ती झोपली असेल तेव्हा."

मी म्हणाले, "व्हय, झोपलेच होते."