तक्रार नसलेला ग्राहक

ती. स्व. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतोय. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, कंबर धरली आहे.) तुझं पथ्य, औषधं, सकाळचं चालणं नीट चाललं असेल असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. बरे म्हणजे उभे आहोत. तुझ्या सुनेची शाळा, मुलीचे क्लास आणि माझं ऑफिस यांच्या वेळा अशा आहेत, की आम्ही तिघं एकमेकांना मुख्यतः दारातच भेटतो, एक आत येताना आणि दुसरा बाहेर पडताना.

विनंती विशेष. मागच्या पत्रात तू सहज विचारलंस, 'माझ्या ऑपरेशनच्या दिवशी देवाला कबूल केलेली रोजची दहा मिनिटं देतोस ना?' मी फोनवर 'हो तर' म्हणालो. मावशी, ते धादांत खोटं होतं. त्या दिवशी तुला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला सांगितलं, की आईमागं जिनं मला वाढवलं तिला परत दे, रोज दहा मिनिटं नुसते आभार मानीन, दुसरं काही मागणार नाही. त्यानं त्याचं काम चार तासांत उरकलं. माझं सात महिने झाले तरी व्हायचंच आहे. आता गुरुवारी तुझी पुन्हा तपासणी, आणि माझ्या मनात नाही नाही ते येतं. चुकार मी, आणि शिक्षा तुला व्हायची. भीती वाटते गं. म्हणून तपासणीच्या आधी सगळं कबूल करून टाकतो.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधी पहाटे उठून पलंगाच्या कडेला ताठ बसलो, डोळे मिटले आणि बसल्या बसल्या झोपलो. तुझ्या सुनेला वाटलं, ध्यान लागलं. (घोरलो नाही, म्हणून फसली.) तिनं मुलीला दटावून गप्प केलं, कुकरसुद्धा लावला नाही, आणि त्या दिवशी घरातले तिघंही उशिरा पोचलो, तेही उपाशी. मग बाथरूम गाठलं, कारण कडी लागणारी घरात तेवढी एकच खोली. आभाराचं पहिलं वाक्य जुळवतोय तोवर मुलीनं दार बडवलं. बसमध्ये डोळे मिटले, तर उतरायचा थांबा मागं गेला. जेवणाच्या सुट्टीत मिटले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तोंडावर पाणी मारलं. चक्कर आली असं वाटलं त्यांना. माझ्याकडं बघून ते वाटणं साहजिक आहे.

मग मी अक्कल चालवली. आमचं काम तुला ठाऊक आहे. लोकांच्या लिफ्ट बंद पडतात, लोक फोनवर माझ्यावर ओरडतात, मी ते ओरडणं टिपून घेतो आणि कॉम्प्युटर जवळच्या मेकॅनिकला धाडतो. बावीस वर्षं माझा दिवस असा चौकटींत कापलेला आहे, आणि जी चौकट रिकामी दिसेल तिच्यात कुणी ना कुणी घुसतंच. म्हटलं, देवाचीच नोंद करून ठेवू. ग्राहकाचं नाव: देव. पत्त्याशिवाय कॉम्प्युटर पुढं सरकत नाही, म्हणून आपल्या घरचा टाकला. (त्याचा माझ्याकडं नाही.) तक्रार: काही नाही, आभार मानायचे आहेत. वेळ: अकरा वाजता, दहा मिनिटं. आणि बरोब्बर अकराला एका लिफ्टमध्ये दोन वकील अडकले, दोघांचेही फोन चालू. मी देवाला विसरलो. कॉम्प्युटर विसरला नाही. त्यानं मिरचीला आमच्या घरी धाडलं.

मिरची म्हणजे आमचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. तोंड इतकं तिखट, की त्यांनी लिफ्ट सुरू करून दिली तरी ते जाईपर्यंत लोक जिन्यानं चढतात. आपलं घर बैठं, त्यात लिफ्ट कुठली! तुझी सून सर्दीमुळं घरीच होती. मिरचींनी घराला एक फेरी मारली, कागद पुन्हा वाचला आणि हत्यारांची पेटी खाली ठेवून दारात बूट काढले. सव्वीस वर्षांत तक्रार नसताना त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना वाटलं, आभार आपलेच मानायचे आहेत. तुझ्या सुनेला काही कळेना, पण माणूस आशेनं उभा होता. तिनं चहा टाकला आणि बोलता बोलता निघालं, की गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी आपली मुलगी क्लासच्या लिफ्टमध्ये अडकली होती, तेव्हा तिला काढणारे हेच. तेव्हा आम्ही काय केलं होतं? उशीर झाला म्हणून त्यांच्यावर ओरडलो होतो. सुनेनं मनापासून आभार मानले. मिरचींनी डोळे पुसले म्हणे, दहाव्या मिनिटाला उठले आणि सही घेऊन गेले.

माझ्या स्क्रीनवर आलं: काम पूर्ण, ग्राहक समाधानी. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. त्यांचं म्हणणं, तक्रार नाही म्हणणारा ग्राहक हातचा घालवू नका, त्याला वर्षभराच्या देखभालीचा करार पाठवा. पाठवला. पत्ता आपलाच, त्यामुळं तो परवा घरी आला आणि टेबलावर पडून आहे. सही कुणाची घ्यायची ते सांग.

दमलोय मावशी. कामाला मी कधी नाही म्हटलं नाही, पण दिवसभर तक्रारी टिपून हाताला तेवढंच वळण राहिलंय. कुणी 'बरं चाललंय' म्हणालं, की पुढं काय लिहायचं ते सुचत नाही. देवापुढंही तसंच होतं.

तुझा (तू बघत असेपर्यंत) आज्ञाधारक भाचा

ता. क. एवढं लिहिलं ते खरं तर एका कामासाठी. तू दिवसभर घरीच असतेस. गुरुवारपर्यंत माझ्या वाटची दहा मिनिटं तू देशील का? नाव माझं सांग.

ता. क. वरचं राहू दे. हे दुसऱ्याला धाडायचं काम नव्हे, मिरचीला धाडून बघितलंय. गुरुवारी रजा टाकली आहे, तुला न्यायला मीच येतो. तू आत गेलीस की त्याच बाकावर बसेन. उभ्या आयुष्यात मला मोकळा वेळ मिळाला तो तिथंच. सात महिन्यांचे आभार एकदम मानीन. मागणार काही नाही, कबूल केलंय तसं.

आणखी एक. मागणार आहे. तू बाहेर ये.