कॅप्टनसाहेबांनी नेसलेलं लुगडं

सिहोरा, मंगळवार, जानेवारी १९७८

हसू आवरतच नाही, लिहू कशी?

सरावाला आलेल्या फौजेचे ढोरडॉक्टर, मिशीवाले कॅप्टनसाहेब, आज गावातली जनावरं तपासत होते. काटा लागून आमच्या चंद्रीच्या मागच्या पायाला गळू झालेलं. पाय टेकतच नव्हती बिचारी. पण ही म्हैस माझ्याशिवाय कोणाला जवळ येऊ देते का? कॅप्टनसाहेब वाकले, तशी लाथ! औषधाची बाटली शेणात.

मी म्हटलं, "सायेब, तिले माह्या लुगड्याची सवय हाये."

"तो लाइए भाभीजी, हम भी पहन लेंगे!"

आणि वर्दीवरून माझं हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन बसले की! चंद्रीनं पदर हुंगला आणि गप उभी राहिली. गळू कापलं, पट्टी बांधली. जवान तोंड दाबून उभे. संध्याकाळी चंद्रीनं पाय टेकला!

आमच्या ह्यांना ती दूध काढू देत नाही, म्हणून तीन वर्षं मी माहेरी, चिखल्याला, राहिले नाही. मग मला हे आधी का सुचलं नाही? आत्ताच ते हिरवं लुगडं ह्यांच्या हातात दिलं.

"हे काहून?"

"मी उद्या चिखल्याले जाऊन राहिली. कॅप्टनसायेबानं नेसलं, तुमाले कायची लाज?"